तीस दिवसांची नोटीस आणि अंबाबाईची ओटी

गुरुवार

माझ्या आईचं माहेर कोल्हापूरचं, मंगळवार पेठेतलं. घरातल्या मुलीचं लग्न ठरलं की आधी अंबाबाईची ओटी, मग बस्ता, असा तिचा शिरस्ता होता. माझ्या वेळी ती स्वतः घेऊन आली, बहिणीच्या वेळीही आली. आता बहिणीच्या मुलीचं ठरलंय. आई राहिली नाही आणि बहिणीचा पाय सध्या घरातून निघत नाही. म्हणून भाचीला घेऊन मी निघाले.

बहिणीचं असं का झालंय ते सांगायला हवं, कारण या चार दिवसांत आम्ही दोघी जिथे जिथे गेलो तिथे तोच विषय बरोबर होता. मुलगा मिरजेचा, मुसलमान घरातला. दोघं पुण्यात नोकरीला, ओळख जुनी. लग्न विशेष विवाह कायद्याने होणार. १९५४ चा हा कायदा दोन धर्मांच्या माणसांना आपापला धर्म न सोडता नवरा-बायको होऊ देतो, आणि हे त्याचं फार मोठं उपकाराचं काम आहे. पण आधी नोटीस द्यावी लागते आणि तीस दिवस थांबावं लागतं. नाव, वय, व्यवसाय, राहण्याचं ठिकाण असं सगळं त्या नोटिशीत असतं. ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात. नोटिशींचं पुस्तक कुणालाही फुकट चाळता येतं. दोघांपैकी एकाचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर एक प्रत तिकडे जाते आणि तिथेही लागते.

तशी ती लागली. कुणीतरी फोटो काढला. मग माझ्या मेहुण्यांच्या फोनवर अनोळखी आवाज येऊ लागले, ‘तुमची मुलगी काय करायला निघालीय, ठाऊक आहे का?’ कायद्याप्रमाणे हरकत घ्यायची तर वय, आधीचं लग्न, निषिद्ध नातं अशी ठरावीक कारणंच चालतात. फोन करायला मात्र कारण लागत नाही. मेहुण्यांना लग्नाचं आधीपासून माहीत होतं आणि त्यांची मान अर्धी हललीही होती. त्या फोनांनंतर ते लेकीशी बोलेनासे झाले. बहीण दोघांच्या मधे अडकली आहे.

स्वारगेटहून सकाळची एसटी धरली. खंबाटकी, सातारा, कराड, पेठ नाका. रस्त्याचं काम आणि वळणमार्ग यांचं वर्णन करण्यात अर्थ नाही, त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ते पाठ आहे. कराडच्या पुढे उसाने लादलेल्या ट्रॅक्टरमागून आमची गाडी जात राहिली. किणीच्या टोलनाक्यापाशी भाचीला जाग आली.

लॉज देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता. काउंटरवरच्या मुलाने दोघींची आधार कार्डं घेतली, झेरॉक्स काढली, रजिस्टर पुढे सरकवलं. कुठून आलात, कुठे जाणार, कशासाठी आलात आणि ‘नातं’. मी लिहिलं, मावशी-भाची. भाचीने विचारलं, “हे रजिस्टर कोण बघतं?” तो म्हणाला, “पोलीस आले की दाखवाय लागतंय मॅडम. नातं लिवलं नसलं की आम्हालाच बोलतात.” पोरगा सरळ होता, त्याचं काम करत होता. पण पुढच्या महिन्यात हीच मुलगी नवऱ्याबरोबर इथे आली आणि दोन नावं दोन धर्मांची दिसली, तर याच काउंटरवर किती वेळ उभं राहावं लागेल, हा विचार जिना चढताना माझ्या मनात आला. तिच्याही आला असणार.

मार्गशीर्षातला गुरुवार, त्यामुळे देवळाकडे जाणारे सगळे रस्ते बायकांनी भरले होते. घराघरांत घट मांडलेले, संध्याकाळी पोथी आणि मग उपास सोडायचा. आम्ही बाहेरूनच मुखदर्शन घेतलं. ओटी उद्या, शुक्रवारी. माझा उपास होता. गंगावेशीत म्हशी उभ्याच असतात, समोर धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात. तो घेतला आणि झोपलो.

शुक्रवार

सकाळी महाद्वार रोडवर ओटीचं सामान घेतलं. दुकानातल्या बाईने भाचीकडे एकदा पाहिलं आणि ओळखलं. “पोरीचं लगीन ठरलंय न्हवं? मग खणाची वटी घ्या. आणि बांगड्या हिरव्याच.” खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, बांगड्या, गजरा असं तिने सुपलीत नीट मांडलं. “जावई कुठला?” मी म्हटलं, मिरजेचा. “मिरज म्हंजे जवळच की, पोरगी डोळ्याम्होरं ऱ्हाईल.” एवढंच. तिने नाव विचारलं नाही, भाचीने सांगितलं नाही. तरी त्या एका क्षणी भाचीने माझा हात धरला होता.

दर्शनरांगेत अंगभर कपड्यांची सूचना आहे. देवस्थान समितीने २०२५ मध्ये तसं जाहीर केलं. आम्ही दोघी साडीत होतो, आम्हाला कुणी काही म्हटलं नाही. पण हा विषय या देवळात सरळ नाही, आणि आधीची हकीकत माहीत असल्याशिवाय तो समजतही नाही.

पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समिती १९६९ पासून आहे. अंबाबाई आणि जोतिबासह तीन हजारांहून जास्त देवळं तिच्याकडे, आणि ती नेमतं सरकार. पूजा मात्र वंशपरंपरेने पुजाऱ्यांची. २०१७ च्या जून महिन्यात देवीला घागरा-चोळी नेसवली गेली आणि सगळं शहर खवळलं. अंबाबाईला काठापदराची साडी, हे कोल्हापूरकराच्या डोळ्यांत बसलेलं रूप आहे, आणि कुणीतरी ते परस्पर बदललं होतं. ‘पुजारी हटाव’चं आंदोलन उभं राहिलं आणि २०१८ मध्ये विधिमंडळाने या एका देवळासाठी स्वतंत्र कायदा केला, पगारी पुजारी नेमता यावेत म्हणून. देवीने काय नेसावं इथून निघालेली गोष्ट राज्याच्या कायद्यापर्यंत गेली. सात-आठ वर्षांनी रांगेतल्या बायकांनी काय नेसावं, हेही सरकारने नेमलेली समिती सांगू लागली.

मी सरसकट सरकारच्या विरोधात नाही, ते शक्यही नाही. नागरिकशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली. याच गाभाऱ्यात बाईने पाऊल टाकायचं नाही असा रिवाज होता. महाराष्ट्रात १९५६ पासून कायदा आहे की सार्वजनिक हिंदू देवळात प्रवेश अडवणं हा गुन्हा आहे. त्याच कायद्यावर बोट ठेवून मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ च्या एप्रिलमध्ये सांगितलं की जिथे पुरुष जाऊ शकतो तिथे बाई जाऊ शकते. त्याच महिन्यात इथे गाभाऱ्यात जायला आलेल्या बाईला मारहाण झाली. तेव्हा कायदा आणि पोलीस दोन्ही लागले. माझ्या आईने आयुष्यभर उंबऱ्याबाहेरून हात जोडले, तिला गाभाऱ्यात जाण्याची इच्छाही नव्हती. पण इच्छा नसणं वेगळं आणि परवानगी नसणं वेगळं.

ओटी भरली. देवी काळ्या पाषाणाची, चार हातांची, हातात म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र, तोंड पश्चिमेकडे. रांग सरकवणाऱ्यांची घाई चालू असते, “चला ताई, पुढं चला.” तेवढ्या वेळात भाची मान खाली घालून काहीतरी पुटपुटली. काय सांगितलं ते मी विचारलं नाही. आईनेही मला कधी विचारलं नव्हतं.

बाहेर दीपमाळांजवळ आम्ही बराच वेळ बसलो. किरणोत्सवाचा विषय निघाला. नोव्हेंबरात ९ ते ११ आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातून थेट आत येतात, पहिल्या दिवशी पायांवर, मग छातीपर्यंत, मग मुखावर. मधल्या काळात वाटेत इमारती उठल्या आणि किरणं अडू लागली, मग मोजमापं करून अडथळे काढण्याची कामं सुरू झाली. भाची म्हणाली, “म्हणजे ऊन पोचवायलासुद्धा कार्यालय लागतं.” लागतं. आणि ते काम कार्यालयाने जरूर करावं.

रात्री पालखी. दर शुक्रवारी देवीची पालखी देवळाभोवती फिरते, अंबाबाईच्या नावाचा गजर, चोपदाराची ललकारी. गर्दी मार्गशीर्षातली. पालखी पाहताना मला भूर्जीखाँ आठवले. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबार गवई म्हणून कोल्हापुरात आणलं, जयपूर-अत्रौली घराणं इथे वाढलं. खाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जीखाँ याच देवळात देवीपुढे गात. मुसलमान गवयाचा सूर देवीला चालत होता आणि गावाला त्यात विशेष वाटत नव्हतं. मी हे भाचीला सांगितलं तेव्हा ती लगेच फोन काढून मिरजेला कळवू लागली. त्याच्या घरात गाणं आहे, आजोबा सतारी बनवत.

मग शेजारती. देवीला विडा, दूध, आणि निजवणं. त्यानंतर दार लागतं, ते पहाटे काकड आरतीला उघडतं. लहानपणी मी आईला विचारलं होतं की रात्री देवी काय करते. आई म्हणाली होती, “तिचं ती बघंल. आपण इचारू नये.” आज ते वाक्य मला फार मोठं वाटलं. जिच्यावर हजारो डोळे दिवसभर लागलेले असतात, तिलाही या गावाने रात्रीचं मिटलेलं दार दिलंय. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमुखाने सांगितलं की खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे आणि घर, कुटुंब, लग्न, जोडीदाराची निवड त्यात येतात. आमच्या आईला ते निकालाशिवाय कळत होतं.

परतताना भाची वर खांबावरच्या कॅमेऱ्यांकडे बघत चालत होती. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे, याच कामात नसली तरी तिला त्यातलं कळतं. “मावशी, प्रयागला २०२५ च्या कुंभात गर्दी मोजायला एआयचे कॅमेरे होते. नाशिकचा कुंभ २०२७ ला. गर्दी मोजणं चांगलंच आहे, चेंगराचेंगरी टळते. पण डोकी मोजणारा कॅमेरा आणि चेहरा ओळखणारा कॅमेरा यांच्यात अंतर थोडंच असतं.” मग ती एकेक करून सांगत गेली. दर्शनाचा पास ऑनलाइन. लॉजचं रजिस्टर उद्या संगणकावर. नोटिशीचं पुस्तक संगणकावर. यादीला यादी जोडायला फारसं काही लागत नाही. विदा संरक्षणाचा, म्हणजे लोकांची वैयक्तिक माहिती जपण्याचा, कायदा २०२३ मध्ये झाला, पण त्यातच केंद्राला सरकारी यंत्रणांना सूट देण्याची मुभा ठेवली आहे.

मी रात्रभर त्याच विचारात होते. दहा-पंधरा वर्षांनी भाचीची मुलगी ओटी घेऊन याच रांगेत उभी असेल. दारावर तिचा चेहरा वाचला जाईल. आईचा धर्म, वडिलांचा धर्म, आईबापांच्या लग्नाची नोटीस, किती तारखेला कुठल्या लॉजवर कुणाबरोबर राहिली, हे सगळं एका पडद्यावर येईल, आणि पडद्यामागचा माणूस ठरवेल की हिची भक्ती खरी की कशासाठी आली आहे. असं काही आज इथे नाही. पण त्याचे सुटे भाग मी गुरुवारपासून स्वतःच्या डोळ्यांनी पाहत होते.

उत्तराखंडात तर एक भाग चालूही झालाय. तिथे २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी संहिता लागू आहे आणि लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांनी नोंदणी करायची आहे. निबंधक ती माहिती पोलीस ठाण्याला कळवतो, एकवीस वर्षांखालचं कुणी असेल तर आईबापांना कळवतो. महिन्याच्या आत नोंद केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडे १३ डिसेंबर २०२२ ला आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्न केलेल्या मुलींची आणि त्यांच्या माहेरची माहिती घेण्यासाठी राज्यपातळीवर समिती झाली. दोनच दिवसांत त्यातला ‘आंतरजातीय’ शब्द काढला, आंतरधर्मीय ठेवला. मुलीच्या काळजीने म्हणून झालेली समिती. पण कुणा सज्ञान मुलीने ही काळजी मागितली होती का, हे मला कुठे वाचायला मिळालं नाही.

शनिवार

सकाळच्या गाडीने तो मिरजेहून आला. लॉजवर खालीच थांबवलं, “वर जाता येणार नाही, पाहुण्यांनी लॉबीत बसायचं.” तो शांतपणे बसला. उंच, थोडा बुजरा. मला वाकून नमस्कार केला आणि आईने दिलेला खव्याच्या पोळ्यांचा डबा पुढे केला. अजून मी त्याची कोण लागते ते ठरलेलं नाही, तरी त्याने पहिल्यापासून मावशीच म्हटलं.

मिसळ खाऊन आम्ही कसबा बावड्याला लक्ष्मी विलास पॅलेसला गेलो. शाहू महाराजांचा जन्म इथला, २६ जून १८७४. मी मुलांना जे शिकवलं ते या दोघांना इथे उभं राहून सांगायचं होतं, म्हणून मुद्दाम आणलं.

महाराजांनी १९१७ मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाची नोंदणी करणारा कायदा केला. १९१९ मध्ये आंतरजातीय लग्नांना कायदेशीर मान्यता दिली. त्याच सुमारास विठ्ठलभाई पटेल दिल्लीच्या कायदेमंडळात असंच विधेयक घेऊन झगडत होते, महाराजांचा त्यांना पाठिंबा होता. ते विधेयक तिकडे बारगळलं. ब्रिटिश मुलखात हिंदूंमधल्या आंतरजातीय लग्नांना सरसकट कायदेशीर आधार मिळायला १९४९ उजाडलं. कोल्हापुरात तो तीस वर्षं आधी होता. आणि महाराजांनी कायदा फक्त प्रजेसाठी ठेवला नाही. मराठा-धनगर लग्नं व्हावीत म्हणून स्वतःच्या घरापासून सुरुवात करायची ठरवली. महाराजांच्या जन्मघराण्यातली, कागलकर घाटग्यांची मुलगी इंदूरच्या धनगर होळकरांकडे दिली गेली. लग्न झालं तेव्हा, १९२४ मध्ये, महाराज हयात नव्हते. ६ मे १९२२ ला, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ते गेले होते. पण ठरवलेलं मोडलं नाही.

भाचीने विचारलं, “तेव्हा इंग्रजांच्या मुलखात वेगळ्या धर्मात लग्न करायचं तर?” १८७२ चा कायदा होता. त्याखाली लग्न करणाऱ्याला अधिकाऱ्यापुढे जाहीर करावं लागे की मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, पारशी, शीख, जैन, बौद्ध, कुणीच नाही. जोडीदार हवा तर आधी देव सोडल्याचं लिहून द्या. ती गप्प झाली. मग म्हणाली, “म्हणजे ओटी भरून आले असते तर सही खोटी ठरली असती.” तो म्हणाला, “आणि माझी जुम्म्याची नमाज.” १९२३ मध्ये हिंदू, शीख, जैन, बौद्धांना आपसांत सवलत मिळाली. हिंदू-मुसलमानांना १९५४ पर्यंत थांबावं लागलं. आजही एक शेपूट राहिलंच आहे. एकत्र कुटुंबातल्या हिंदू मुलीने या कायद्याने अन्यधर्मीयाशी लग्न केलं की त्या कुटुंबापासून ती विभक्त झाली असं कायदा धरतो. वडील बोलत नाहीत त्याची भाचीला जेवढी जखम आहे, तेवढीच या वाक्याची झाली. “बाबा उद्या बोलायला लागतील. पण कायदा मला आधीच वेगळं काढून मोकळा?”

पॅलेसमधून बाहेर पडलो तेव्हा बारा वाजले होते. ऊन असूनही हवेत गुळाचा वास होता, जवळपास कुठेतरी गुऱ्हाळ चालू असणार.

दुपारी बाबूजमाल दर्ग्यात गेलो. त्याच्या प्रवेशद्वारावर गणपती कोरलेला आहे, कोल्हापुरात लहान मुलालाही हे माहीत असतं. मोहरमला पंजे बसतात तेव्हा मानाची घरं हिंदूंचीही असतात. तो आत गेला, भाची ओढणी डोक्यावर घेऊन मागोमाग. मी पायरीवर बसले.

तिथे जवळच एक जोगतीण भेटली. कपाळभर भंडारा, हातात परडी, गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ, तिला ‘दर्शन’ म्हणतात. जोगवा घातला तशी ती टेकली. सौंदत्तीच्या यात्रेला जाऊन आली होती, मार्गशीर्षात कोल्हापुरातून यल्लम्माच्या भक्तांच्या एसटी भरभरून जातात. मी विचारलं, दर्शन कधी बांधलं? “धा-अकरा वर्साची आसंन. केसात जट आली, म्हनले देवीनं मागितली. मला कुनी इचारलं न्हाई.” पुढे म्हणाली, “सरकारी अनुदानाला गेले तर म्हनले, देवदासी हाईस ह्याचा कागद आन. आता देवीनं कागद दिलाय व्हय मला?”

महाराजांनी १९२० मध्ये जोगतिणी-मुरळ्या सोडण्याला बंदी घालणारा कायदा केला. मुंबई इलाख्यात १९३४ ला आला. महाराष्ट्राने २००५ मध्ये पुन्हा नव्याने केला. गडहिंग्लजला १९७५ मध्ये देवदासींची परिषद भरली, तिथून या बायका स्वतः बोलायला लागल्या. कायदे असूनही ही बाई लहान असताना तिच्या गळ्यात मणी पडलेच. राज्य तेव्हा तिच्या घरात शिरायला हवं होतं आणि शिरलं नाही. हीच गोष्ट मला नीट धरून ठेवायची आहे. त्या दहा वर्षांच्या मुलीला कुणी विचारलं नाही, म्हणून तिथे सरकारचा हात हवा होता. माझी भाची सव्वीस वर्षांची आहे, तिला तिने स्वतः विचारलंय, तिथे तो हात फलकावर तिचा पत्ता लावतो. महाराजांच्या कायद्यांत हात होताच, सत्ता होतीच, सक्तीही होती. पण घरात, जातीत, देवळात जिचं कुणी ऐकत नव्हतं तिच्या बाजूने ती सत्ता उभी होती. नोटिशीचा फलक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने उभा आहे.

अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ च्या जानेवारीत सांगितलं होतं की नोटीस लावायची की नाही हे जोडप्याने ठरवावं. तो निकाल तिकडचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात घराची, जातपंचायतीची संमती लागत नाही, आणि धोका असलेल्या जोडप्यांना संरक्षण द्या. एका बाजूने संरक्षण आणि दुसऱ्या बाजूने धोका घरपोच करणारा कागद, हे एकाच राज्यात कसं बसतं?

संध्याकाळी रंकाळ्यावर. कट्ट्यावर भेळ, पोरं सायकलवर, संध्यामठाच्या बाजूला पाणी लालसर. तिघं चालत होतो. मधेच तो म्हणाला की ७ जून २०२३ ला तो इथेच होता, मित्राकडे. मोबाइलवरच्या स्टेटसवरून मोर्चा निघाला, दगडफेक झाली, शहराचं इंटरनेट बंद झालं. “आईला कळवता येईना की मी ठीक आहे. मित्राच्या आजीने दार लावून घेतलं आणि म्हणाली, जेव. भूक नसली तरी जेव.” आजी माळकरी होत्या, एवढं त्याने सांगितलं आणि पुढे काही बोलला नाही. दोघं माझ्या पुढे थोडं अंतर ठेवून चालत होते, एकमेकांचा हात न धरता. त्यांच्याच वयाची दुसरी जोडपी कट्ट्यावर खांद्याला खांदा लावून बसली होती. मला ते अंतर सहन झालं नाही. मी म्हटलं, “अरे, मी मागे आहे. धरा हात.” त्यांनी आजूबाजूला पाहिलं, मग धरला.

रविवार

रविवार जोतिबाचा. पहाटेच वाडी रत्नागिरीला गेलो, भाची आणि मी. तो रात्रीच मिरजेला परतला होता. डोंगरावर वारा झोंबत होता, गुलालाने पायऱ्या गुलाबी. “जोतिबाच्या नावानं चांगभलं” म्हणताना भाचीचा आवाज सगळ्यांत मोठा. यमाईचं दर्शन घेऊन दुपारच्या आत खाली आलो.

लॉज सोडताना काउंटरवरच्या पोराने रजिस्टरमध्ये वेळ लिहिली. भाचीने त्याला विचारलं, “पुढच्या महिन्यात आम्ही दोघं येणार आहोत, लग्नाचा दाखला घेऊन. खोली मिळेल?” तो म्हणाला, “दाखला असला तर काय अडचण न्हाई.” आणि जरा थांबून, “नसला तरी मला काय न्हाई मॅडम. मालक सांगतील तसं.”

एसटीत तिने कागद काढले. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावायला हवं, नाहीतर सगळं पहिल्यापासून. साक्षीदार तीन लागतात. एक मी. माझंही नाव, माझीही सही त्या कागदांवर राहील आणि मला ते हवंच आहे. दुसरी त्याची थोरली बहीण, इचलकरंजीची. तिसरं नाव रिकामं होतं. ऑफिसातल्या मैत्रिणी तयार आहेत, तरी भाचीने ते तसंच ठेवलंय. “बाबांना विचारणार आहे,” ती म्हणाली. मी म्हटलं, मी बोलून बघू का आधी फोनवर? “नको मावशी. इतके दिवस त्यांच्याशी सगळे फोनवरच बोललेत. मी घरी जाऊन विचारते.”

कराडला गाडी थांबली. ती चहा घ्यायला उतरली, मी तिची पर्स आणि देवीच्या प्रसादाचा नारळ सांभाळत बसले. तो नारळ मेहुण्यांच्या हातात द्यायचा, असं तिने आधीच ठरवलेलं आहे.